शंकररावांनी तपासलेला दगड

शंकरराव गजभिये दुकानात भेंडी घ्यायला गेले की आधी भेंडीकडे बघत नाहीत, काट्याकडे बघतात. काटा रिकामा असताना शून्य दाखवतो का, एवढंच त्यांना पाहायचं असतं. दाखवत असेल तर भेंडी जून निघाली तरी ते फारसं बोलत नाहीत. एकतीस वर्षं ते इलिनॉयमध्ये वजनमापांचे सरकारी निरीक्षक होते. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी डेव्हन ॲव्हेन्यूच्या देशी बाजारात ते दिसले की काही दुकानदार उगाचच काट्याची थाळी पुसायला घेतात.

मूळचे नागपूरचे. पत्नी उपासनाबाई चार वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हापासून शॉमबर्ग उपनगरातल्या घरात एकटे राहतात. 'साधारण' हा शब्द ते वापरत नाहीत. बाहेर थंडी आहे का विचारलं तर अंश सांगतात. मराठी मंडळाच्या गणपतीत अध्यक्ष माइकवरून "हजारभर रसिक जमले आहेत" म्हणाले, तेव्हा मागच्या रांगेतून "तीनशे बारा, त्यात चौदा तान्ही" असा आवाज आला. पुढच्या एप्रिलमध्ये आंबेडकर जयंतीला त्यांच्याच लोकांनी "पाचशेचा जनसमुदाय" म्हटलं, तेव्हाही तोच आवाज आला, "एकशे ऐंशी." तेव्हापासून त्यांना कुठल्याच कार्यक्रमात पुढे बसवत नाहीत. त्यांची तक्रार नाही. मागून मोजायला सोपं जातं.

थंडीच्या दिवसांत आम्ही म्हातारी माणसं सकाळी मॉलमध्ये चालायला जातो. दुकानं उघडायच्या आधी मॉलची दारं उघडतात, आत ऊब असते आणि पाय घसरत नाही. शंकरराव, मी आणि त्यांच्या शेजारच्या गिरजाबाई, असे आम्ही तिघं. गिरजाबाई कराडच्या. नवऱ्याचं किराणा दुकान होतं आणि तराजूवर चाळीस वर्षं त्याच बसल्या. नवरा गेल्यावर मुलाकडे, विवेककडे, आल्या. शंकररावांना त्या 'निरीक्षक' म्हणतात.

"हळू चाला हो निरीक्षक. मी काय पळून जाणारी दुकानदार आहे?"

"ताई, तुम्हीच मागच्या महिन्यात म्हणालात, मी हळू चालतो."

"तेव्हा मी जोरात चालत होते."

खरी गोष्ट होती. वर्षभरात त्या तीन फेऱ्यांवरून एका फेरीवर आल्या होत्या आणि त्या एका फेरीतही दोन बाकांवर बसत. हृदयाची एक झडप अरुंद झाली होती. मांडीतून नळी घालून नवी झडप बसवता येते, दोन-तीन दिवसांत घरी सोडतात, पण लांबवू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. विवेकने चार नोव्हेंबरची तारीख घेतली. गिरजाबाईंनी ती कॅन्सल करायला लावली. दगडाने नाही म्हटलं होतं.

हा दगड श्रीरामच्या गॅरेजमध्ये असतो. श्रीराम आमच्याच भागातला, कॉम्प्युटरवाला, स्वभावाने गरीब. तीन वर्षांपूर्वी त्याने ट्यूलिपच्या वाफ्याला कडा करायला बागसामानाच्या दुकानातून सहा गोल दगड आणले. पाच पुरले, एक उरला, तो गॅरेजात राहिला. त्या वर्षी त्याची सासू देशातून आली होती. तिच्या गावाला कौल देणारा दगड आहे. मांडी घालून बसायचं, मनात प्रश्न धरायचा आणि दगड उचलायचा. अलगद आला तर होकार, जड झाला तर नकार. तिने गमतीगमतीत एकाला ग्रीन कार्डाबद्दल विचारून हा दगड उचलायला लावला. अलगद आला आणि तीन आठवड्यांत ग्रीन कार्डही आलं. त्या महिन्यात आणखी पुष्कळांची आली, पण त्यांनी दगड उचलला नव्हता, त्यामुळे त्यांची हकिगत कोणी सांगत नाही.

आता दर गुरुवारी संध्याकाळी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या लागतात. गॅरेजात हीटर आहे, सतरंजी आहे, चपलांसाठी रॅक आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर चारशे बारा माणसं आहेत. श्रीरामला विचारलं तर तो म्हणतो, "मी काहीच म्हणत नाही, काका. लोक म्हणतात." लोकांना विचारलं तर तेही म्हणतात, लोक म्हणतात.

गिरजाबाईंनी ऑपरेशनबद्दल तीनदा विचारलं आणि तीनदा नकार मिळाला.

नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी त्यांची सून अपर्णा शंकररावांकडे आली. मी तिथेच चहा घेत होतो. तिने पिशवीतून एक गोल करडा दगड काढून टेबलावर ठेवला. टेबल हललं नाही. शंकररावांनी तो एका हाताने उचलला. आतून पोकळ, प्लॅस्टिकचा. लोक अंगणातले पाइप झाकायला असे दगड ठेवतात.

"काका, हुबेहूब तसाच आहे. मी फोटो घेऊन मॅच केला," अपर्णा म्हणाली. "ऑपरेशनला अठरा तारीख रिकामी झालीय. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत हो म्हणून कळवायचंय, नाहीतर एकदम जानेवारी. आणि डॉक्टर म्हणतात, जानेवारीची गॅरंटी मी देत नाही."

"विवेक काय म्हणतो?"

"तो भांडला. आई म्हणाल्या, चारशे माणसं खोटी आणि तू एकटा खरा का? मग त्याने नाद सोडला. तुम्ही फक्त गुरुवारी दगड बदला, काका. प्लीज."

"मी एकतीस वर्षं हलकी वजनं ठेवणाऱ्यांना पकडलं, अपर्णा."

"माहितीये. म्हणून तर तुमच्याकडे आले. तुमच्यावर कोणी संशय घेणार नाही."

शंकररावांनी दगड फिरवून पाहिला. म्हणाले, "ठेवून जा."

गुरुवारी मी त्यांच्याच गाडीने गेलो. डिकीत त्यांचा स्वतःचा वजनकाटा होता, ज्याची ते दरवर्षी तपासणी करून घेतात. त्याच्या शेजारी ब्लँकेटमध्ये गुंडाळलेलं काहीतरी गोल होतं. मी विचारलं नाही. श्रीरामच्या दारात ते डिकी उघडून उभे राहिले. मी घड्याळ पाहिलं नाही, त्यामुळे किती वेळ ते सांगता येणार नाही. मग त्यांनी काटा उचलला आणि डिकी लावली.

गॅरेजात सदतीस माणसं होती. हा आकडा त्यांचा. गिरजाबाई खुर्चीवर शाल गुंडाळून बसल्या होत्या, शेजारी अपर्णा. काटा पाहून अपर्णाचा चेहरा उतरला.

"श्रीराम, तुझी हरकत नसेल तर दगडाचं वजन करू?" शंकरराव म्हणाले.

"करा ना, काका. मी काहीच म्हणत नाही."

दगड काट्यावर ठेवला. एकतीस पूर्णांक चार पौंड. मग संजीव नावाच्या तरुणाने नोकरीबद्दल कौल लावला, दगड उचलला आणि "एकदम फुलासारखा!" म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. दगड पुन्हा काट्यावर गेला. एकतीस पूर्णांक चार. मग एका बाईंनी घराबद्दल विचारलं. त्यांना तो जड गेला. एकतीस पूर्णांक चार.

"यंत्राला श्रद्धा नसते हो," मागून कोणी म्हणालं.

"नसते," शंकरराव म्हणाले. "म्हणूनच सरकार ते वापरतं."

"पण काका," संजीव म्हणाला, "चारशे लोकांना अनुभव आलाय. चारशे लोक चुकतील?"

शंकररावांना गर्दीत बोलायची सवय नाही. ते काट्याकडे बघूनच बोलले. "नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मला एका रस्त्यावरची अकरा दुकानं तपासायला दिली होती. अकराही काटे एक औंस जास्त दाखवत होते. दुकानदार जमले. म्हणाले, आमचे अकरा काटे एकमेकांशी जुळतात, तुमचं एकच वजन वेगळं पडतंय, म्हणजे तुमचंच चुकलं. मी नवीन होतो. मलाही क्षणभर तसंच वाटलं."

"मग?"

"अकराही काटे एकाच मिस्त्रीने लावले होते. ते एकमेकांशी जुळत होते. वजनाशी नाही."

श्रीराम जरा चिडून म्हणाला, "काका, राग मानू नका, पण तुमच्याकडेही नागपूरला लाखो लोक जमतात. ते कशाला मग?"

"जमतात. पण लाखो जमतात म्हणून ते खरं ठरत नाही, श्रीराम. माझ्या वडिलांनी धर्म बदलताना संख्या पाहिली असती तर होते तिथेच राहिले असते. तिकडची संख्या जास्त होती."

पण मन कोणाचं बदललेलं दिसलं नाही. संजीव पुन्हा रांगेत जाऊन उभा राहिला, त्याला आणखी एक प्रश्न होता.

गिरजाबाई उठल्या. "झालं का तुमचं, निरीक्षक? आता मला विचारू द्या. शेवटचं." सतरंजीपर्यंतच्या चार पावलांत त्या दोनदा थांबल्या. मांडी घालायला अपर्णाने आधार दिला. त्यांनी दगडाला हात लावला. ओठांना किंचित निळी झाक होती.

शंकरराव एकदम म्हणाले, "थांबा, ताई. उचलू नका. आधी एक सांगा. पहिल्यांदा विचारलंत तेव्हा दगड कुठवर आला होता?"

"ऑगस्टात? गुडघ्याइतका आला. मग सुटला."

"दुसऱ्यांदा?"

"वीतभर. सप्टेंबरात."

"मागच्या वेळी?"

"हललाच नाही. दर वेळी जास्त जड होतोय बघा. इतका स्पष्ट कौल कोणाला मिळत नाही, असं श्रीरामसुद्धा म्हणाला."

"लोक म्हणाले," श्रीराम म्हणाला.

शंकरराव गुडघे मोडून त्यांच्यासमोर सतरंजीवर बसले. गुडघ्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "ताई, दुकानातलं सांगा. सरकारी शिक्क्याचं पाच किलोचं वजन आहे. काट्यावर ठेवलं. सकाळी पाच दाखवलं, दुपारी सहा, संध्याकाळी सात. तुम्ही काय म्हणायचात?"

"काटा गेला म्हणायचे."

"वजन वाढलं, असं नाही?"

"शिक्क्याचं वजन कसं वाढेल? खुळे का काय तुम्ही?" त्या तटकन म्हणाल्या. चाळीस वर्षं तराजूवर बसलेली दुकानदार बोलली. "वजन वाढलंसं वाटलं की काटा बघायचा. आमच्याकडे पोरंसुद्धा..."

तिथे त्या थांबल्या. काट्याने शेवटचं वजन धरून ठेवलं होतं, ते आकडे अजून दिसत होते. त्यांनी ते पाहिले, मग दगडावरचे स्वतःचे हात पाहिले. दगडाच्या बुडाजवळ दुकानाच्या बारकोडची अर्धी चिठ्ठी अजून चिकटलेली आहे, तीही त्यांना त्या दिवशी बहुधा पहिल्यांदा दिसली.

"म्हणजे काटा मी होय," त्या म्हणाल्या.

शंकररावांनी हात लांबवून काटा बंद केला.

"ऑगस्टात गुडघ्यापर्यंत. आणि आता हलत नाही." त्यांनी हात काढून घेतले. "तीन महिन्यांत एवढी उतरले मी?"

"एक फेरी, दोन बाक," शंकरराव म्हणाले. "मी मोजत होतो. आधी सांगायला हवं होतं."

"नापास काट्याचं काय करायचात तुम्ही?"

"लाल पट्टी लावायची. वापर बंद. दुरुस्तीला पाठवायचं, आला की पुन्हा तपासायचं."

"मला पट्टी लावाल तर बघा." मग अपर्णाकडे वळून, "किती वाजेपर्यंत कळवायचंय म्हणालीस?"

"उद्या बारा, आई."

"मग उठव मला. इथे काय बसून राहिलीस?"

परत येताना, घर आल्यावर शंकरराव म्हणाले, "त्यांना पटलं नसतं तर मी तो दुसरा आणला असता." मी म्हटलं, तसं झालं नाही ना. ते म्हणाले, "झालं नाही. पण आणला असता." ते मला माहीत असावं असं त्यांना वाटत होतं, एवढंच.

अठरा तारखेला झडप बसली. पाचव्या दिवशी गिरजाबाई घरी आल्या. दोन दिवस ठरलेल्यापेक्षा जास्त लागले, आणि त्या म्हणाल्या, तिथला चहा वाईट होता म्हणून.

ग्रुपवर दुसऱ्याच आठवड्यात संदेश फिरला. हृदयाचा आजार ओळखणारा, सरकारी निरीक्षक शंकररावांनी स्वतः तपासलेला दगड, दर गुरुवारी. शंकरराव श्रीरामकडे गेले. श्रीराम म्हणाला, "मी काहीच म्हटलं नाही, काका." ते खरंच होतं. ग्रुपमध्ये आता किती माणसं आहेत ते श्रीरामने मला सांगितलं, पण शंकररावांनी मोजलेली नाहीत, म्हणून तो आकडा इथे देत नाही.

मार्चमध्ये डॉक्टरांनी ओझं उचलायची परवानगी दिली. त्या दिवशी मॉलच्या तीन फेऱ्या करून आम्ही शंकररावांकडे गेलो. अंगणातल्या नळावर तो पोकळ दगड आता झाकण म्हणून बसवलेला आहे. शंकररावांनी आतून जुनं, शिक्क्याचं, लोखंडी वजन आणून बाकावर ठेवलं. गिरजाबाईंनी पदर खोचला, दोन्ही हातांनी वजन उचललं, छातीपर्यंत नेलं आणि आवाज न करता परत ठेवलं. धाप लागली नव्हती. शंकरराव खिशातल्या वहीत काहीतरी लिहीत होते.

"बोला निरीक्षक, काय कौल?"

"वीस पौंड," शंकरराव म्हणाले.