उंबरठ्याबाहेरचा खर्च

माझं काम इमारतींच्या खर्चाचा अंदाज काढण्याचं आहे. चंदीगडच्या सेक्टर ३४ मधल्या एका सरकारी बांधकाम कार्यालयात मी दिवसभर तेच करतो. कुणाला दोन खोल्या वाढवायच्या असतात, कुठे कुंपणाची भिंत पडलेली असते, कुठे गच्ची गळत असते. नकाशा येतो. मी मापं काढतो, खोदाई, विटा, काँक्रीट, सळई, गिलावा असं एकेक काम वेगळं करतो, दरसूचीतला दर लावतो आणि बेरीज वर पाठवतो. ती परत येते. कोपऱ्यात ‘कमी करा’ असं लिहिलेलं असतं. कुठून कमी करा हे नसतं. स्लॅबमधली सळई कमी करता येत नाही, म्हणून मी फरशी हलकी करतो, रंगाचा एक हात कमी करतो आणि पुन्हा पाठवतो.

हे वर्षानुवर्षं केलं की माणूस थकतो. पण तक्रार करायला माझी जीभ रेटत नाही. आमच्या घरात मी पहिला पदवीधर. वडील पिठाच्या गिरणीत कामाला होते. परभणीकडच्या आमच्या लहान गावातल्या शाळेत गणिताचे सर होते, त्यांनी माझ्या शिष्यवृत्तीसाठी स्वतःच्या सायकलवरून तालुक्याला खेपा घातल्या, म्हणून मी इथवर आलो. त्यामुळे चंदीगडातलं कुणी मराठी माणूस ‘इंजिनिअर, जरा बघ ना’ म्हणालं की मला नाही म्हणता येत नाही. आणि बदलीवर आलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी काहीतरी बघून हवं असतं.

काका-काकू अशीच ओळख झालेली. अकोल्याकडची माणसं. काका एअर फोर्समध्ये वॉरंट ऑफिसर, निवृत्तीला आलेले. चंदीगडला लागून असलेल्या झिरकपूरच्या कडेला त्यांनी पूर्वीच एक प्लॉट घेऊन ठेवला होता. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडायचं, आणि पावसाळ्याच्या आत स्वतःच्या घरात जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. खरं तर काकूंनी ठरवलं होतं. लग्न झाल्यापासून त्या क्वार्टरमध्येच राहिल्या. जोधपूर, तेजपूर, हलवारा, आणखी कुठे कुठे. प्रत्येक घर त्यांनी घासून, पुसून, रंग लावून परत दिलं होतं. “आता परत द्यायचं घर नको मले,” असं त्या मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या. त्यांचं मागणं तेवढंच होतं. काकांचं जास्त होतं. खाली दोघांसाठी, वर मुलासाठी. मुलगा बंगळूरला नोकरीला होता आणि त्याने वरच्या मजल्याबद्दल काही म्हटल्याचं मी कधी ऐकलं नाही.

दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी काकांनी मला चहाला बोलावलं.

“हे पाय भाऊ, जास्त डोकं लावू नको. स्क्वेअर फुटाचा रेट सांग. पक्का.”

“काका, माती बघितल्याशिवाय कसा सांगू?”

“मातीचं काय करतं? घर बांधायचं आहे यार, वांगे नाही लावायचे.”

“त्याले चहा तर पिऊ द्या,” काकू म्हणाल्या. “ऑफिसातून थकून आलं लेकरू.”

मी त्यांना समजावून पाहिलं. दर चौरस फुटाचा आकडा हा बांधून झालेल्या घराचा असतो, न बांधलेल्या घराचा नसतो. तेच घर खडकावर वेगळ्या पैशात होतं, भरावाच्या जमिनीवर वेगळ्या. नोव्हेंबरात विटा महाग, कारण भट्ट्या बंद असतात. त्या पेटल्या की भाव उतरतो. धुक्याच्या दिवसांत काँक्रीट उशिरा घट्ट होतं, म्हणजे स्लॅबला खालून आधार देणाऱ्या, भाड्याच्या सेंट्रिंगच्या फळ्या जास्त दिवस अडकतात. सणाला बिहारकडचे मजूर गावी गेले की उरलेले मजुरी वाढवून मागतात. काका ऐकत होते, पण त्यांचं लक्ष त्या एका आकड्याकडेच होतं.

पुढच्या रविवारी आम्ही प्लॉटवर गेलो. विमानतळाच्या रस्त्यावर नेहमीसारखी गाड्यांची रांग होती, त्यात निम्मी सकाळ गेली. प्लॉटवर सरकंड्याचं, बोरूसारखं उंच गवत वाढलेलं, चार कोपऱ्यांना चार विटा. काकूंनी पिशवीतून रांगोळीचा डबा काढला आणि गवत पायाने दाबत, वाकून वाकून घर काढायला सुरुवात केली. ही खोली, हे स्वयंपाकघर, ही न्हाणी. मी सरळ चालत त्यांच्याकडे निघालो तर त्या ओरडल्या, “अरे भिंतीतून काय येतो? दारातून ये!” मी मागे फिरून दारातून गेलो. काका खळखळून हसले. त्या दिवशी दोघं फार आनंदात होती, आणि मला तिथे उभं राहून हळूहळू जड वाटायला लागलं.

कारण मी त्या स्वयंपाकघरात उभा होतो आणि समोरचा रस्ता माझ्या कमरेइतका उंच होता.

“काका, न्हाणीतलं पाणी कुठे जाणार?”

“कुठे म्हणजे? पाइपातून जाईल.”

“कुठल्या पाइपातून?”

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. आसपास गवत आणि दूरवर फ्लॅटच्या इमारती. पाइप नव्हता. गटार नव्हतं. विजेचा खांब बराच लांब होता. “हे सगळं असतेच ना?” काकू म्हणाल्या. त्या खरोखरच मला विचारत होत्या.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. या दोघांनी आयुष्यभर अशा घरांत संसार केला होता जिथे नळ सोडला की पाणी येतं आणि सोडलेलं पाणी आपोआप कुठेतरी जातं. कुंपण, रस्ता, दिव्याचे खांब, टाकी, सगळं कुणीतरी आधीच करून ठेवलेलं. काकांनी घराचा हिशोब मांडला होता तो उंबरठ्याच्या आतला. क्वार्टरमध्ये राहिलेला माणूसच असा हिशोब करू शकतो. गावाकडच्या माणसाला आडाचा, सांडपाण्याचा, कुंपणाचा विचार आधी सुचतो.

मी जमेल तितक्या हळू सांगितलं. जमीन रस्त्याच्या वर आणावी लागेल, नाही तर पावसाळ्यात रस्त्याचं पाणी घरात. त्यासाठी मातीच्या ट्रॉल्या. पण पाया या भरावावर टेकवता येणार नाही, तो खालच्या मूळ जमिनीतूनच उचलावा लागेल, म्हणजे जितका भराव तितक्या जास्त विटा जमिनीखाली, न दिसणाऱ्या. मग बोअर, शोषखड्डा, कुंपणाची भिंत, विजेची जोडणी, नकाशाची मंजुरी. काका खिशात हात घालून गवताकडे बघत राहिले.

दोन-तीन दिवसांनी काकांनी ठेकेदार गाठला. मला मुद्दाम बोलावलं. क्वार्टरच्या व्हरांड्यात तो बसला होता, हसतमुख, पगडीचा रंग शर्टाला जुळणारा. त्याने चौरस फुटाचा दर सांगितला, सगळ्या सामानासकट. मी मनात केलेल्या आकड्याच्या तो बराच खाली होता.

“ओ जी, तुसी फिकर ना करो,” तो म्हणाला. “मकान तां बन जाना.”

“और मिट्टी का भराव?” मी विचारलं.

“मिट्टी तो पार्टी की होती है जी.” म्हणजे माती घरमालकाने आणायची.

“बाउंड्री? सेप्टिक टँक?”

“बाहर दा काम वखरा.”

बाहेरचं काम वेगळं. तो खोटं बोलत नव्हता. त्याचा दर जमिनीच्या वरच्या, छपराखालच्या जागेचा होता. इकडे सगळे तसाच देतात, आणि विचारलं की सांगतातही. पण काकांना फक्त तो दर ऐकू आला होता. तो गेल्यावर ते माझ्याकडे वळले.

“तू पडला सरकारी माणूस. तुझा अंदाज बी सरकारी. याने शंभर घरं बांधली अन् तू कागदं.”

मी कागदच बांधतो, हे खरं आहे.

तरी मी अंदाज पूर्ण केला. पुढचे कितीतरी दिवस, ऑफिसातून आल्यावर, जेवणाआधी. पुण्याकडचे किंवा परभणीचे दर इथे चालत नाहीत, म्हणून वाळू-खडीवाल्यांकडे, भट्टीवाल्यांकडे, सळईच्या दुकानांत जाऊन भाव विचारले; सामान प्लॉटपर्यंत आणण्याचं भाडं वेगळं धरलं. शेवटी अडीअडचणीसाठी थोडी रक्कम ठेवली. ऑफिसात ती रक्कम सगळ्यात आधी कापतात. मग बेरीज केली आणि फाईल मिटली. काकांचा फंड, ग्रॅच्युइटी, सगळं मिळून जे होतं, त्यात दुमजली घर बसत नव्हतं. एकमजलीही, काकूंनी काढलं तेवढं, बसत नव्हतं.

ते सांगायला मी निघालो. ऑफिसात मी रोज आकडे वर पाठवतो आणि ते नाकारले की मला काही होत नाही. इथे आकडा माझा होता आणि नाकारलं जाणार होतं काकूंचं घर.

काका टीव्ही बघत होते. त्यांनी आवाज बंद केला, चित्र चालू ठेवलं. मी सांगितलं. ठेकेदाराच्या दराने सुरू केलं तर भिंती उभ्या राहतील, कदाचित स्लॅबही ओतला जाईल, आणि तिथे पैसे संपतील. झिरकपूरला अशी घरं जागोजागी दिसतात, वर सळया उभ्या, खिडक्यांना पोती. काका उठले आणि मागच्या दारी कुंड्यांना पाणी घालायला गेले. थंडी होती, पाण्याची काही गरज नव्हती.

काकू जागच्या हलल्या नाहीत. “होत काय नाही ते ऐकलं,” त्या म्हणाल्या. “होते काय ते सांग आता.”

मग आम्ही दोघांनी नकाशा पुन्हा काढला. भराव, शोषखड्डा आणि बोअर आधी. त्यात काटछाट नाही. कुंपण सध्या तारेचं. एक खोली, स्वयंपाकघर, न्हाणी-संडास. बाहेरून गिलावा नाही, आतून आहे. पायापुरत्याच विटा आता घ्यायच्या, बाकीच्या भट्ट्या पेटल्यावर. एकदा ठरलेलं मध्येच बदलायचं नाही, कारण बांधकाम चालू असताना हलवलेलं एक दारही महागात पडतं. बेरीज खाली आली, तरी थोडी वरच राहिली. उरला होता पाया. मी तो दुमजलीच्या हिशोबाने धरला होता. पुढेमागे वर बांधायचं झालं तर पाया नंतर वाढवता येत नाही, तो आताच जड करून ठेवावा लागतो. त्यात बरंच काँक्रीट आणि सळई जात होती.

“हे कमी केलं तर बसते का?” काकूंनी विचारलं.

“बसतं. पण मग वर कधीच काही होणार नाही काकू.”

काका दारात उभे होते, हातात रिकामा मग. “अन् पोरगा आला तर?”

“आला तर खाली झोपेल.”

“बायको-लेकरं घेऊन?”

“दाटीवाटीनं झोपतील. तेजपूरले आपण किती होतो एका खोलीत?” काकू त्यांच्याकडे न बघता बोलत होत्या. “त्यानं आजवर विचारलं का, आई घराचं कुठवर आलं म्हणून? जे येणार का नाही माहीत नाही, त्याच्यासाठी जमिनीत पैसे कायले गाडू?”

काकांनी रिकामा मग खाली ठेवला. मी पाया हलका केला. रबरने जुने आकडे खोडताना मला कुणाकडे वर बघवत नव्हतं. इंजिनिअर म्हणून मी तो सल्ला दिला नसता. पण माझा सल्ला कुणी मागितलेला नव्हता. मला फक्त बेरीज करायची होती.

बांधकाम थंडीत सुरू झालं. तोच ठेकेदार घेतला, पण एकेका कामाचा दर ठरवून, भरावासकट. धुक्यात काम रखडलं, वसंतात सळईचा भाव चढला आणि मी ठेवलेली अडीअडचणीची रक्कम तिथे गेली. काका रोज प्लॉटवर जात. माझ्याशी ते कामापुरतं बोलत. मातीच्या ट्रॉल्या रिकाम्या होताना ते गेटच्या जागी उभे राहत आणि मोजत, एवढं मला ठेकेदाराकडून कळलं.

पावसाळ्याआधी ते राहायला गेले. महिन्याभराने एका संध्याकाळी, ऑफिसातून परतताना, मी वाकडी वाट करून तिकडे गेलो. त्या दिवशी माझी एक फाईल पुन्हा परत आली होती, आणि झिरकपूरच्या चौकात गाड्या इंचाइंचाने सरकत होत्या. पोचलो तेव्हा डोळे चुरचुरत होते.

बाहेरून घर उघड्या विटांचं, तारेच्या कुंपणात एकटंच. आत काकू स्टुलावर चढून भिंतीत खिळे ठोकत होत्या. बरेच ठोकले होते, काही वाकडे. भोवतीच्या गिलाव्याचे टवके उडाले होते.

“काकू, ड्रिल घेऊन येतो ना मी. भिंत खराब होते.”

“होऊ दे. आता कोण चेक करायला येते?” त्या म्हणाल्या. “तिथं एक खिळा ठोकायचा त अर्ज करा लागे.”

काकांनी मला गादीवर बसवलं आणि पाण्याचा तांब्या आणून दिला. “बोअरचं आहे,” ते म्हणाले. “पी.” बऱ्याच महिन्यांनी ते माझ्याशी सरळ बोलले. वरच्या मजल्याचं त्यांनी काही काढलं नाही, मीही नाही. पाणी गार होतं. मी भिंतीला टेकलो, आणि चहा येईपर्यंत डोळे मिटावेत म्हणून मिटले.

चहा आला असावा. काकू म्हणाल्याचं अर्धवट ऐकू आलं, “झोपू द्या त्याले.” मग दोघं हलक्या आवाजात भांडत होती. घड्याळ पूर्वेच्या भिंतीवर लावायचं की दारासमोर, यावर. काका म्हणत होते, दारासमोर, काकू म्हणत होत्या, अजिबात नाही. कुणीच मागे हटत नव्हतं. मला उठून सांगता आलं असतं की दारासमोरच्या भिंतीतून विजेची वायर गेली आहे. पण मी तसाच पडून राहिलो.