एकच हिरवं बटण

“पानावर एकच मोठं बटण ठेवू. बाकी सगळं खाली.” मी मीटिंगमध्ये म्हटलं.

मी एका ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या वेबसाइटचं काम करते. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे कॉम्प्युटर चालवणारा मूळ प्रोग्राम. ओपन सोर्स म्हणजे तो कुणीही फुकट घ्यावा, उघडून बघावा, दुरुस्त करावा. आमची टीम देशोदेशी विखुरलेली आहे. मी आष्ट्याला घरातून काम करते आणि आमचे टीम लीड केदार सर पुण्यातून.

नवा रिलीज, म्हणजे सिस्टिमची नवी आवृत्ती, तोंडावर आला होता. त्याचं डाउनलोड पान माझ्याकडे होतं. जुन्या पानावर मोठा तक्ता होता. प्रत्येक प्रकारच्या प्रोसेसरसाठी, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य चिपसाठी, वेगळी फाइल आणि नावं सगळी इंजिनियरांच्या भाषेतली. त्यात या वेळी भर पडली होती. फार जुन्या, म्हणजे ३२ बिटच्या कॉम्प्युटरवर नवा रिलीज चालणार नव्हता. तसं पानावर लिहावं, असं माझं म्हणणं होतं.

केदार सर म्हणाले, “नसीम, जे बंद केलं त्याची पाटी कशाला लावायची? आणि आपले वापरणारे जाणकार असतात. त्यांना तक्ताच लागतो.”

“सर, जाणकार नसलेले आपल्याला दिसत नाहीत. ते पानावर येतात आणि निघून जातात.”

“हे तुझं मत झालं. काहीतरी दाखव.”

दाखवायचं ठरवलं.

आमच्या गल्लीच्या टोकाला सुभेदार काका राहतात. फौजेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी घरच्या पुढच्या खोलीत वाचनालय काढलं. तिथं ऑफिसांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर आहेत. गावातल्या बायका तिथं टायपिंग शिकतात. नव्या सिस्टिमची काकांना घाई होती, कारण त्यात मराठी टायपिंग सुधारलं होतं. मी त्यांना विचारलं, “काका, तुमी डाउनलोड करताना मी नुसती बघत बसू का? स्क्रीन आणि आवाज रेकॉर्ड करीन. मधे बोलणार न्हाई.”

“बस की. फौजेत तपासणीला लय साहेब यायचे. तू तर घरचीच हायस.”

नव्या रिलीजच्या चाचणीच्या फाइली तयार होत्या. मी जुन्याच तक्त्याचं पान उघडून दिलं. काकांनी चष्मा चढवून तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला.

“आगं, ही काय नावं म्हणायची का तोफांचे नंबर?”

त्यांनी पहिल्या ओळीवर क्लिक केलं. पहिली आहे म्हणजे मुख्य असणार, हा त्यांचा हिशेब सरळ होता. पण तक्ता इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लावलेला होता. पहिली ओळ मोबाइलसारख्या प्रोसेसरसाठीची होती. फाइल उतरेपर्यंत चहा झाला. काकांनी ती पेनड्राइव्हवर घातली, मशीनला लावली. मशीन पेनड्राइव्हकडे ढुंकूनही न बघता जुन्याच सिस्टिमवर सुरू झालं. त्यांनी परत करून बघितलं. पुन्हा तेच.

“माजंच कायतर चुकतंय,” ते म्हणाले.

मला बोलायचं नव्हतं, पण ते वाक्य लागलं. सगळं सरळ वाचून, सगळं नीट करून माणूस स्वतःला दोष देत होता. तक्ता आम्ही तसा लावला होता.

मग त्यांनी दुसरी ओळ निवडली. त्या फाइलनं मशीन सुरू झालं. तीच पेनड्राइव्ह त्यांनी कोपऱ्यातल्या सगळ्यात जुन्या मशीनला लावली. काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत दोन ओळी आल्या: या सिस्टिमला हा प्रोसेसर चालणार नाही. काकांनी त्या वाचल्या.

“म्हंजे ह्ये आता भंगारात घालायचं व्हय?”

घालायचं नव्हतं. आमची मागची आवृत्ती त्यावर छान चालत होती. तिला सुरक्षेच्या दुरुस्त्याही मिळत होत्या. फक्त पानावर ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.

पुढच्या मीटिंगमध्ये मी काकांच्या परवानगीनं रेकॉर्डिंग लावलं. जर्मनीतल्या इंजिनियरनं विचारलं, “ते शेवटी काय म्हणाले?” मी इंग्रजीत सांगितलं. तो म्हणाला, “पण जुनी आवृत्ती आहे ना अजून.”

“तेच तर,” मी म्हटलं.

केदार सरांनी तो भाग परत लावायला सांगितला. मग म्हणाले, “एक बटण ठेव. जुन्या मशीनसाठी ओळ पण टाक. मात्र तक्ता सापडत नाही म्हणून ओरड झाली, तर त्याच दिवशी जुनं पान परत.”

“चालेल, सर.”

ती ओळ लिहायला मला बटणापेक्षा जास्त वेळ लागला. ‘असमर्थित’सारखे शब्द एकेक करून काढले. शेवटी राहिलं ते असं: ‘तुमचा कॉम्प्युटर फार जुना असेल तर मागची आवृत्ती घ्या. ती अजून सुरक्षित आहे.’ खाली तिची लिंक. वर एक हिरवं बटण, ‘बहुतेक कॉम्प्युटरसाठी’. तक्ता त्याच्याही खाली, जसाच्या तसा.

रिलीजच्या दिवशी मी सकाळपासून फोरम उघडून बसले होते. फोरम म्हणजे वापरणाऱ्यांचा चर्चेचा फळा. एकानं चिडून लिहिलं, ‘माझी फाइल कुठं गेली?’ मी उत्तर टाइप करेपर्यंत दुसऱ्याच कुणीतरी लिहिलं होतं, ‘खाली सरकव.’ त्यावर पहिल्याचा आभाराचा अंगठा. तक्त्याबद्दल ओरड झाली ती एवढीच. दर रिलीजला ‘पेनड्राइव्ह चालत नाही’ अशा तक्रारींची जी रांग लागते, ती या वेळी लागलीच नाही.

दुपारी काकांचा फोन आला. “नसीम, कोपऱ्यातलं बी चालू झालं बघ. मागलं घातलं त्यात.”

“कुणी सांगितलं तुमाला?”

“सांगाय कशाला पायजे? लिवलंय की तिथं.”

मी ती ओळ लिहिली होती हे त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही. फोन ठेवला आणि घरात उगाच दोन चकरा मारल्या. अम्मीनं विचारलं, “काय झालं गं?” म्हटलं, “काम झालं.”

संध्याकाळी केदार सरांचा मेसेज आला: ‘जुनं पान आता काढून टाक.’ त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळच.

नव्या सिस्टिमचं कौतुक पुढं बरेच दिवस चाललं. डाउनलोड पानाबद्दल कुणी अक्षर लिहिलं नाही. या धंद्यात तीच शाबासकी. डाउनलोडचं पान लोकांच्या लक्षात राहिलं, तर समजायचं की कुणाचा तरी दिवस वाया गेलाय.