आधी उलटं, मग सरळ

घरातल्या बेसिनला नवा टॉप बसला होता. त्यात नळासाठी भोक पाडायचं होतं आणि फिटरच्या बायकोने त्यासाठी आपल्या बहिणीच्या नवऱ्याला बोलावलं होतं. फिटर स्वतः बावीस वर्षं नळ जोडतोय.

"दाजी अकराला येतायत. तुम्ही हात लावू नका," ती म्हणाली. "मागच्या वर्षीचं आठवतंय ना?"

मागच्या वर्षी एका गिऱ्हाइकाकडे ड्रिलचा ठोके देणारा हॅमर बंद करायचा राहिला आणि टॉप आरपार तडकला. असे टॉप कल्चर्ड मार्बलचे, म्हणजे अख्खा दगड नव्हे; संगमरवराची भुकटी रेझिनमध्ये कालवून ओतलेली असते, वर चकचकीत पातळ लेप. ठोका बसला की लेपाचे टवके उडतात.

साडूचे उडत नाहीत. तोंडाला मास्क, हातात मोजे आणि घाई अजिबात नाही, म्हणून धंद्यात सगळे त्याला डॉक्टर म्हणतात. एका बंगल्यात फिटरने डॉक्टरने पाडलेल्या भोकाच्या कडेवरून बोट फिरवून पाहिलं होतं. एखादा तरी टवका असेल. पुन्हा फिरवलं. नव्हता. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

डॉक्टरने काही लपवलंही नव्हतं. भर पाहुण्यांत तो म्हणाला होता, "वर चिकटपट्टी लाव, मधलं बारीक भोक पाड, मग गोल कटर हळू आणि आधी उलटा फिरव. लेप कापला गेला की सरळ."

"उलटं फिरवून भोक पडतं होय? मग उद्यापासून पँटही उलटी घालतो," फिटर म्हणाला. सगळे हसले. साडू आपली खेचतोय, अशी त्याची खात्रीच होती. याला दोन वर्षं झाली.

दहाला बायको बाजारात गेली. फिटरने टॉपची उरलेली पट्टी शिकंज्यात अडकवली. पहिलं भोक सरळ: टवका. दुसरं आधी उलटं: कड साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत. त्याचं डोकं जास्तच तापलं. ज्याला दोन वर्षं लबाड म्हटलं, तो लबाडही निघाला नाही.

मग त्याने टॉपला भोक पाडलं आणि पट्टी कपाटामागे सरकवली.

बायकोने परत आल्या आल्या कडेवरून बोट फिरवलं. "दाजी लवकर आले वाटतं?"

फिटर काही बोलणार तोच बेल वाजली. डॉक्टर पिशवी घेऊन दारात. त्यानेही बोट फिरवलं.

"कोणी पाडलं?"

"मी."

बायको नवऱ्याकडे बघतच राहिली. असं तिने बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं.

"उलटं सुरू केलंस ना?" डॉक्टर खूश झाला.

"छे," फिटर म्हणाला. "सरळच."

"सरळ? मग मलाही शिकव की." डॉक्टरने पिशवी खाली ठेवली. "पट्टी उरली असेल ना? तिच्यावर दाखव."

"सकाळी इथेच तर होती," म्हणत बायको कपाटामागे वाकली.