गुरुवारचा शेवटचा तास

आठवीच्या पहिल्याच पालकसभेत ओतिलिया हुर्दुकनं फळ्याला पाठ टेकली आणि सांगून टाकलं, "गुरुवारच्या शेवटच्या तासाला मी गणित शिकवनार न्हाई. ज्याला बोंबलायचं हाय त्यानं आत्ताच बोंबलावं. पुन्ना वर्षभर ऐकून घ्यायला मला येळ न्हाई."

पालक बोंबलले. बोंबलणारच. आठवीच्या शेवटी मोठी परीक्षा, तिच्यावर पुढची शाळा ठरणार, आणि वर्गशिक्षिका नेमकी गणिताची. आठवड्याला एक तास जादाचं गणित पदरात पडेल या आशेवर अर्ध्या आया कामावरून रजा काढून आल्या होत्या.

वेळापत्रकात हा तास वर्गशिक्षकाचा असतो. मुलांशी बोला, त्यांची भांडणं मिटवा, कुठं काय दुखतंय ते बघा, असं सरकार म्हणतं. प्रत्यक्षात तो तास म्हणजे रस्त्यावर पडलेलं सफरचंद, जो आधी वाकेल त्याचं. कुणी त्यात व्याकरण उरकतं, कुणी दाताच्या डॉक्टरकडं जातं. ओतिलिया मात्र व्यालेली कुत्री पिल्लांवर बसते तशी त्या तासावर बसून असायची. जवळ गेलात की गुरगुर.

मी त्याच शाळेत इतिहास शिकवायचो. शिक्षकांच्या खोलीत आमच्या खुर्च्या शेजारीशेजारी, आणि फाटकाबाहेर उभं राहून सिगारेट ओढायलाही आम्ही दोघंच.

ती वरच्या डोंगरातली. बाप लाकडं कापायच्या गिरणीत, घरात पाच भाऊ आणि ही एकटी. "आमच्यात बोलायच्या आधी मारायचे," ती सांगायची, "आनि मारून झाल्यावर बोलायला काय उरायचंच न्हाई." याशच्या विद्यापीठात जाऊन तिनं गणिताची पदवी घेतली, पण बोली डोंगरातलीच ठेवली. मुद्दाम. एका निरीक्षकानं अशुद्ध बोलण्यावरून टोकलं, तर म्हणाली, "सायेब, उत्तर चुकलंय का? न्हाई ना? मग झालं तर." नवऱ्यानं पिऊन एकदा हात उगारला, तर दुसऱ्या दिवशी त्याचं सामान बांधून तिनं त्याच्या आईच्या दारात नेऊन ठेवलं. वर त्याच्या आईला म्हणाली, "ह्ये तुमचं. चुकून माज्याकडं ऱ्हायलं होतं."

सुरुवातीला तीही मारकुटी होती. फळ्यावर वर्तुळं काढायचा लाकडी कंपास असतो ना, त्याचा आवाज पोरांनी बोटांवर ऐकलेला होता. मग गावातल्या बायका इटलीला जायला लागल्या, तिथल्या म्हाताऱ्यांची सेवा करायला. एकेका वर्गातली अर्धी पोरं मावशीकडं, काकाकडं नाहीतर शेजाऱ्यांकडं राहायला लागली. शाळेत येऊन ती चावायची, बाकं फोडायची, नाहीतर खिडकीबाहेर बघत तोंड मिटून बसायची. कंपासानं त्यात फरक पडेना, हे ओतिलियाला आमच्यात सगळ्यांच्या आधी कळलं.

जिल्ह्याहून एक बाई आल्या होत्या त्या काळात, पोरांच्या भावना ओळखायचं प्रशिक्षण द्यायला. हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची रंगीत चित्रं आणली होती. ओतिलियानं चित्रं उलटीसुलटी करून बघितली आणि परत केली. "चेहऱ्यांची चित्रं काय करू? हितं आख्खा वर्ग भरून चेहरे हायत की. त्येच कुनी बघत न्हाई."

तिनं नियम काढला तो गणितातूनच. उदाहरण सोडवण्याआधी उदाहरणात काय दिलंय ते आपल्या शब्दांत सांगायचं. भांडणातही तेच. समोरचा काय म्हणाला ते आधी त्याला परत सांगायचं. तो "हो, असंच" म्हणेपर्यंत आपलं म्हणणं मांडायचं नाही. आणि दुसरा नियम: इथलं इथंच. या तासात बोललेलं दाराबाहेर न्यायचं नाही, घरी नाही, मुख्याध्यापकांकडंही नाही.

पोरं आधी फिदीफिदी हसायची. सूर्यफुलाच्या बियांवरून दोन दांडगे एकमेकांच्या अंगावर गेले तेव्हाची गोष्ट.

"हा म्हणतो मी ह्याच्या बिया चोरल्या."

"चोरल्या नाही म्हटलं. न विचारता घेतल्या म्हटलं."

"पुन्ना सांग," बाई म्हणणार.

"हा म्हणतो मी न विचारता घेतल्या."

"आणि हसलास."

"आणि हसलो."

"हो. असंच."

"आता तुजं बोल," बाई म्हणणार. तोवर त्या दांडग्याला आपलं काय होतं तेच आठवायचं नाही.

मुख्याध्यापक दिमोफ्ते सरांना हे सगळं पोरखेळ वाटायचं. पण तिच्या वर्गाचं गणित जिल्ह्यात वर असायचं, म्हणून ते दात-ओठ खाऊन गप्प राहायचे.

त्या वर्षी मार्चची आठ तारीख आली. त्या दिवशी आमच्याकडं आयांचा कार्यक्रम असतो. पोरं स्टेजवर कविता म्हणतात, खाली उतरून आपापल्या आईच्या हातात बर्फातून उगवणाऱ्या पांढऱ्या फुलांची जुडी ठेवतात, आया डोळे पुसतात. ज्यांच्या आया इटलीत त्यांच्या जुड्या कुणीतरी मावशी-आत्या घेते आणि सगळे दुसरीकडं बघतात. पडद्याआड दोन पोरी आपला नंबर यायची वाट बघत उभ्या होत्या. एक कासियाना, मावशीकडं राहणारी. दुसरी एवेलिना, औषधवाल्या कोर्नेलियाबाईंची एकुलती. एकदम धप्पकन आवाज झाला, आणि एवेलिना पडद्यासकट सगळ्या आयांच्या पुढ्यात स्टेजवरून खाली आली. मनगट मोडलं.

कासियानानं ढकललं, हे तिनंही नाकारलं नाही. का, ते मात्र सांगेना. एवेलिना म्हणाली, मी काहीच बोलले नव्हते.

कोर्नेलियाबाई पालक समितीच्या अध्यक्ष. दुसऱ्या दिवशी त्या मुख्याध्यापकांच्या खोलीत. मागणी एकच: त्या कासियानाचे वर्तनाचे गुण सहावर आणा. आमच्याकडं वर्तनाला दहापैकी गुण असतात आणि ते दहा सगळ्यांनाच मिळतात, कुणी त्यांच्याकडं ढुंकून बघत नाही. पण कमी झाले की ते कपाळावर लिहिल्यासारखे. कासियानाला बाकाउच्या अध्यापक शाळेत जायचं होतं, बालवाडीची बाई व्हायला. त्या शाळेच्या दारात आधी वर्तन विचारतात. सहा म्हणजे दार बंद.

पुढचे तीन गुरुवार ओतिलियानं त्या दोघींना वर्गासमोर खुर्च्या टाकून बसवलं, गुडघ्याला गुडघा. त्या तासात काय झालं ते मला तेव्हा कळलं नाही. फाटकाबाहेर मी दोनदा विचारलं, तर म्हणाली, "सिग्रेट ओढ." ते मला सांगितलं एवेलिनानं, अलीकडं. आता ती नर्सिंग शिकते. लिहा म्हणाली, माझं नाव घालून लिहा.

पहिल्या गुरुवारी दोघी नुसत्या बसून राहिल्या. घंटा झाली, उठल्या. दुसऱ्या गुरुवारी कासियाना बोलली. "तू म्हणालीस, माझी आई इटलीत म्हाताऱ्यांची ढुंगणं धुते आणि त्या हातांनी मला पैसे पाठवते."

 एवेलिनानं ते जसंच्या तसं परत सांगितलं. ती म्हणते, स्वतःच्या तोंडून ते वाक्य दुसऱ्यांदा काढणं हे मनगट मोडण्यापेक्षा वाईट होतं.

तिसऱ्या गुरुवारी एवेलिनाचा नंबर. "तुझी आई तुला रोज रात्री फोन करते," ती म्हणाली. "तासभर. आज काय खाल्लंस, कुणाशी भांडलीस, सगळं विचारते. तू रोज शाळेत येऊन सांगतेस, आई असं म्हणाली, आई तसं म्हणाली. माझी आई खालीच आहे, दुकानात. वर येते आणि झोपते."

 कासियाना म्हणाली, "तू म्हणतेस, तुला माझ्या आईचा हेवा वाटतो."

"असं नाही म्हटलं."

"पुन्ना सांग," बाई म्हणाल्या.

"तू म्हणतेस... तुझी आई खाली आहे, पण तुला भेटत नाही."

"हो," एवेलिना म्हणाली. "असंच."

तास संपल्यावर बाईंनी तिला दाराशी थांबवलं. "ह्ये भाईर सांगायचं का न्हाई, ते तू ठरव. मी सांगनार न्हाई." एवेलिनाची छाती झाली नाही. आईला हे ऐकवायचं म्हणजे तिच्या तोंडावर दार आपटण्यासारखं होतं.

शेवटच्या शिक्षकसभेआधी दिमोफ्ते सरांनी वर्गातल्या पोरांना एकेक करून खोलीत बोलावलं. त्या दोघींचं काय बोलणं झालं, सांगा. चॉकलेट दिलं, दम दिला. सगळी पोरं जमिनीकडं बघत उभी राहिली. एकजण, तोच बियावाला दांडगा, म्हणाला, "सर, तुम्ही म्हणताय की आम्ही सांगावं." सर म्हणाले, "हो!" पोरगा म्हणाला, "पण आम्ही नाही सांगणार," आणि चॉकलेट टेबलावर ठेवून बाहेर आला.

सभेला पालकांच्या वतीनं कोर्नेलियाबाई हजर. गुण कमी करायचा प्रस्ताव वर्गशिक्षकानं मांडायचा, मग सभा मत देते, अशी आमची रीत.

"बोला, ओतिलियाबाई," दिमोफ्ते सर म्हणाले. "सहा ना?"

"नऊ."

"हात मोडलाय मुलीचा!" कोर्नेलियाबाई ताडकन उठल्या.

"त्येचाच एक गुन कापला. हात मोडनं चूकच हाय, त्ये तिलाबी ठावं हाय. मोडलेल्या हाताचा एक. भविष्य मोडायचे वरचे तीन मी कापनार न्हाई."

"तुमच्या त्या गुरुवारच्या नाटकात दोघींना बसवलं होतं म्हणे. काय निघालं? सांगा की सभेला. माझ्या मुलीनं काही केलं असेल तर मलाही कळू दे."

मी ओतिलियाकडं बघत होतो. तिच्याकडं काहीतरी आहे, हे खोलीत सगळ्यांना दिसत होतं. ते एक वाक्य टेबलावर टाकलं असतं तर कोर्नेलियाबाई बसल्या जागी विरघळल्या असत्या, आणि सहाचा विषयच संपला असता.

"तिथलं तिथंच," ओतिलिया म्हणाली.

"म्हणजे काहीच नाही!"

"न्हाई तर न्हाई."

"तुम्ही म्हणताय की..." साहित्याच्या बाईंनी मध्ये पडून सावरायला बघितलं.

"मी काय म्हनते त्ये मला ठावं हाय. बसा तुमी."

दिमोफ्ते सरांनी आवाज खाली आणला. तो आवाज खाली आला की समजायचं, माणूस कापायला निघालाय. "ओतिलियाबाई, शेवटचं विचारतो. मुलं काय बोलली ते सभेपासून लपवणारी वर्गशिक्षिका मला चालणार नाही. आत्ता सांगा, नाहीतर सप्टेंबरपासून तुम्हाला वर्ग नाही. नुसतं गणित शिकवा, तास संपला की घरी."

तिची निवृत्ती जवळ आली होती. सप्टेंबरात सुरू होणारा पाचवीचा वर्ग हा तिचा शेवटचा वर्ग ठरला असता, आणि त्या पोरांची नावं तिनं मेमध्येच पाठ केलेली होती.  वाटलं, आता बोलते.

"पोरांनी चॉकलेटवर त्वांड उघडलं न्हाई," ती म्हणाली. "मी वर्गावर उघडू? त्यांनी मला उद्या काय म्हनावं? काढा वर्ग. पन तो सप्टेंबरात. आज आठवी माजी हाय, आनि प्रस्ताव नऊचा हाय. दुसरा प्रस्ताव मांडायला दुसरी वर्गशिक्षिका आना."

दुसरी कुठून आणणार? मतदान नऊवरच घ्यावं लागलं. हात वर झाले, थोडे फटाफट, थोडे रेंगाळत. पुरेसे झाले. पटावर तिनं शाईनं नऊ लिहिले, एवढे मोठे की शेजारच्या रकान्यात शिरले.

दिमोफ्ते सरांनीही शब्द पाळला. तिची पाचवी शारीरिक शिक्षणाच्या सरांकडं गेली. ते गुरुवारच्या तासाला पोरांना फुटबॉल द्यायचे.

जुलैमध्ये औषधांच्या दुकानात मी रांगेत उभा होतो आणि ओतिलिया माझ्या पुढं, रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी. गावात औषधाचं दुकान एकच. कोर्नेलियाबाईंनी गोळ्या काढल्या, पण काउंटरवर ठेवल्या नाहीत, हातातच धरल्या.

"माझी मुलगी काहीतरी बोलली होती," त्या हळू म्हणाल्या. "मी विचारते तर खोलीचं दार लावून घेते. आता तर शाळाही संपली. तुम्ही सांगा. आई आहे मी."

"तिलाच इचारा."

"विचारलं म्हणतेय ना! दहादा विचारलं."

"दुकानात हुबं ऱ्हाऊन इचारलं असंल. गिऱ्हाईक सोडून वर जा. तिच्या खाटंवर बसा. इचारू नका. नुसतं बसा."

"गिऱ्हाईक सोडून?"

"ह्यो हाय की मागं," ओतिलियानं माझ्याकडं अंगठा केला. "ह्येला खोकला हाय. थांबंल."

कोर्नेलियाबाई लालबुंद झाल्या. "वर्ग गेला तरी मस्ती जात नाही तुमची."

"वर्ग गेला," ओतिलिया म्हणाली आणि कोर्नेलियाबाईंच्या मुठीतून गोळ्या काढून घेतल्या. "नऊ ऱ्हायले."

ती गेली. कोर्नेलियाबाईंनी वर जाणाऱ्या जिन्याकडं बघितलं. मग मला म्हणाल्या, "तुमचं काय?" मी म्हटलं, "मी थांबतो."