पोटातलं पाणी

त्या वर्षी पांढरकवड्याच्या जिनिंगमधलं काम लवकर संपलं. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या लागल्या, पण दरवर्षीसारखी रांग हायवेपर्यंत आलीच नाही. शेतांत लाल्या रोग पडला होता, बोंडं झाडावरच वाळली होती. जो कापूस आला त्यात कवडीच जास्त. आम्ही बाया ढिगावर बसून ती कवडी, म्हणजे किडका, पिवळा पडलेला कापूस, वेगळी काढायचो. संक्रांत झाली आणि मुकादम म्हणाला, उद्यापासून येऊ नका. सगळ्या डोक्यातले तंतू झटकून घरी गेल्या.

नवरा त्याच जिनिंगमध्ये गाठी बांधायच्या प्रेसवर होता. त्याचंही थांबलं. मी पंचविशीच्या आतली होते, बारावी झालेली. मुलगी बालवाडीत जायची. सासू घरीच असायची. आदल्या पावसाळ्यात घराची मागची भिंत बसली होती. तिथे आम्ही ताडपत्री बांधली होती. रात्री हायवेवरून ट्रक गेला की त्याचा उजेड ताडपत्रीतून आत यायचा, घरभर फिरायचा आणि निघून जायचा. मुलीला त्याची मजा वाटायची.

जिनिंगमध्ये माझ्या शेजारी एक बाई बसायची. यवतमाळची, नवऱ्यानं सोडलेली, इथे भावाकडे राहायची. माझ्याहून मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणायचे. काम बंद झाल्यावर एके दुपारी ती घरी आली. सासू मुलीला आणायला गेली होती. ताईनं चहा घेतला, ताडपत्रीकडे पाहिलं आणि म्हणाली, "बीज देशीन का?"

मला वाटलं, सरकीबद्दल बोलते आहे. "कोणतं बीज?"

"बाईचं. पोटातलं. नागपूरले जा लागते. काही दिवस सुया घ्या लागतात, मंग भूल देऊन काढतात. ज्याईले लेकरू होत नाही त्याईच्या कामी येते."

"मंग आपल्याले पुढं लेकरू होते का?"

"कायले नाही होणार? महिन्याच्या महिन्याले अंगातून वाहूनच जाते ते. वाया जाणारी गोष्ट. तिचे पैसे देतात."

"दुखते का?"

"पाळीत दुखते तेवढं."

मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो जेवत होता. त्यानं घास तसाच हातात धरला. "दुसऱ्या माणसाचा काही संबंध नाही ना?"

"नाही. डॉक्टर सुईनं काढते."

"मंग ठीक आहे," तो म्हणाला आणि भाजी मागितली. मी वाढली. आमच्यात त्यावर एवढंच बोलणं झालं. सासूला सांगितलं की नागपूरला शिवणकामाचं ट्रेनिंग आहे. ती म्हणाली, जाय, पोट्टीले मी पाहीन.

नागपूरचं ते सेंटर एका उंच इमारतीत होतं. आत थंडगार, भिंतीवर गोऱ्या बाळांचे मोठे मोठे फोटो. जिन्यातच ताईनं मला थांबवलं.

"आतमंदी जात विचारतात. तू बोलू नको, मी सांगतो."

"काहून?"

"घेणारे विचारतात. आपलं सांगतलं तं लवकर कोणी घेत नाही."

आत टेबलापलीकडे खुर्चीवर बसलेल्या बाईनं माझा रंग पाहिला, उंची मोजली, शिक्षण विचारलं, घरात कुणाला वेडबीड, शुगरबिगर आहे का ते विचारलं. मग विचारलं, "समाज कोणता?" ताई पटकन म्हणाली, "कुणबी." बाईनं मान हलवली.

माझे आजोबा दीक्षा घ्यायला याच शहरात आले होते. पायी निघाले होते, वाटेत कुणाच्या तरी बैलगाडीत बसले. परतल्यावर घरातले देव त्यांनी नाल्यात सोडले. जात तिथेच सोडून आलो, असं ते मरेपर्यंत सांगायचे. त्या खुर्चीसमोर मला हे आठवलं. राग यावा असं वाटलं, पण आला नाही. मी भिंतीवरच्या बाळाकडे पाहत राहिले. त्याच्या हनुवटीवर दुधाचा थेंब होता.

डॉक्टर घाईत होते, पण बोलायला चांगले होते. सोनोग्राफी करताना पडद्याकडे पाहून म्हणाले, "छान आहे." शेवटी विचारलं, "सगळं समजलं ना?" माझ्याआधी ताई म्हणाली, "हो सर, मी समजावलं." नवरा एका दिवसासाठी आला, जिथे सांगितलं तिथे सही केली आणि दुपारच्या गाडीनं परत गेला.

मला जवळच्या एका फ्लॅटमध्ये ठेवलं. दोन खोल्या, खाली गाद्या, स्वयंपाकाला एक मावशी. आम्ही चार-पाच जणी होतो. सकाळी नर्स यायची, बेंबीच्या बाजूला सुई टोचायची. दिवसभर टीव्ही चालू असायचा. बाहेर कुठे जायचं नाही, वजन उचलायचं नाही. मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी वेळेवर ताट वाढून देत होतं. मी खायचे आणि झोपायचे. ओटीपोटावर निळे डाग पडले होते, ते मी दुसऱ्या कुणाच्या अंगावरचे असल्यासारखे पाहायचे.

माझ्या बाजूच्या गादीवर उमरखेडकडची एक बंजारा बाई होती. रोज संध्याकाळी ती मुलाला फोन करायची. तिची गोरबोली मला फारशी कळत नसे, पण ती हसून बोलते आहे एवढं कळायचं. फोन ठेवला की भिंतीकडे तोंड करून पडायची. मी विचारलं, "पोराले काय सांगतलं?"

"हॉटेलात कामाले आहे म्हणून."

"पयल्यांदाच आली का?"

"नाही, येतच असतो. पयल्यांदा भेव वाटते. मंग काही वाटत नाही."

मला तर पहिल्यांदाच काही वाटत नव्हतं. मी तिला ते सांगितलं नाही.

शेवटी शेवटी पोट जड झालं. चालताना आत काहीतरी लोंबतं आहे असं वाटायचं. नर्सला सांगितलं तर म्हणाली, औषध चांगलं लागू पडलं. ज्या सकाळी काढलं त्या सकाळी मला हिरवा झगा घातला, हाताला सुई लावली, आणि मी दिव्याकडे पाहता पाहता झोपले. जाग आली तेव्हा नर्स उशाशी उभी होती. "तुझी तर भरपूर निघाली," ती म्हणाली. ती खूश होती. मलाही, का कोण जाणे, जरा बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ताईनं मला एसटीत बसवून दिलं. गोळ्यांची एक पुडी दिली. काय झालं तर काय करायचं, हे तिनंही सांगितलं नाही आणि सेंटरमध्येही कुणी सांगितलं नाही.

घरी आल्यावर दोन-तीन दिवस बरे गेले. मग पोट फुगायला लागलं. परकराची नाडी पुरेना. खाल्लेलं उलटून पडायचं. लघवी जवळजवळ बंद झाली. आडवं झालं की श्वास लागायचा, म्हणून मी ताडपत्रीजवळ उशीला टेकून बसून राहायचे. सासू समोर येऊन बसली. बराच वेळ माझ्या पोटाकडे पाहत राहिली.

"दिवस गेले का व?"

"नाही, मामी."

"मंग हे काय आहे?"

मी म्हटलं, गॅस झाला असेल. ती म्हणाली, "गॅसनं बाई अशी दिसत नाही." तिनंच नवऱ्याला उठवून गाडी बघायला पाठवलं.

यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात माझ्याच वयाची एक डॉक्टर होती. तिनं पोट ठोकून पाहिलं. मग विचारलं, "कसली इंजेक्शनं घेतली होती?" सासू पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. डॉक्टरनं सासूला पाणी आणायला पाठवलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी सांगितलं. नवरा खिडकीबाहेर पाहत होता.

डॉक्टर रागावली नाही. स्टूल ओढून बसली. म्हणाली, "त्या औषधांनी तुमचे अंडाशय खूप सुजलेत. रक्तातलं पाणी झिरपून पोटात साचलंय. थोडं छातीतही आहे. असं होऊ शकतं, हे सांगितलं होतं कुणी?"

"नाही."

"पोट फुगलं तर लगेच या म्हणाले होते?"

"नाही."

"आणखी उशीर झाला असता तर रक्ताच्या गाठी होतात, किडनी बंद पडते. माणूस जाऊही शकतं." तिनं हे अगदी हळू सांगितलं. मी मान हलवली. मरायची गोष्ट आपल्याबद्दल चालली आहे, हे मला कळत होतं. पण ते कापसाच्या भावासारखं ऐकू येत होतं, दूर कुठे तरी ठरलेलं.

त्यांनी पोटात जाड सुई घालून पाणी काढलं. नळीतून ते बाटलीत उतरत होतं, पिवळट, तुरीच्या वरणावरच्या निवळीसारखं. एक बाटली भरली की वॉर्डातली मावशी दुसरी लावायची. मला वेळ घालवायला तेवढंच होतं, म्हणून मी बाटली भरताना पाहायचे. सासू नर्सला म्हणाली, "पाहा, एवढं झालं तरी हिच्या पोटातलं पाणी हालत नाही." नर्स हसली. सासूला हसू आलं नव्हतं. तोवर तिला सगळं कळलं होतं. नवऱ्यानंच सांगितलं होतं.

नवऱ्यानं नागपूरला फोन लावला. तिकडून म्हणाले, इकडे घेऊन या. पण हलवता येत नाही असं इथली डॉक्टर म्हणत होती. दुसऱ्यांदा लावला तेव्हा कुणी उचलला नाही.

ताई मात्र आली. पिशवीत संत्री होती. ती पलंगाच्या कडेला टेकली आणि संत्रं सोलायला लागली. फोडींवरचा पांढरा दोरा न दोरा काढत राहिली. मला नेल्याबद्दल तिला सेंटरकडून काही पैसे मिळाले होते, हे मला ठाऊक होतं. मला ठाऊक आहे, हे तिलाही ठाऊक होतं.

"माह्या टाईमले असं नाही झालं कधी," ती म्हणाली.

"तू कितींदा देलं?"

"लय." फोड तिनं माझ्या हातात ठेवली. "माही पाळी बंद झाली, दोन वर्सं झाली. त्याच्यानंच झाली का आपोआप झाली, मले मालूम नाही. कोणाले विचारू?" ती चाळिशीचीही नव्हती.

"मंग मले काहून नेलं?"

तिनं साली गोळा करून पिशवीत टाकल्या. मग म्हणाली, "तुह्या घराले भिंत नव्हती."

मी संत्र्याची फोड खाल्ली. गोड होती. तिला दोष द्यावा म्हणून मी मनात शब्द शोधले, पण जमलं नाही. जाताना तिनं माझ्या पायावरची चादर नीट केली.

पाणी हळूहळू कमी झालं. सूज उतरली आणि मी घरी आले. सासू भांडली नाही. एके दिवशी तूर पाखडताना तिनं विचारलं, "म्हणजे आपल्या घरचं लेकरू दुसऱ्याच्या घरी वाढन?"

"लेकरू नाही, मामी. बीज."

"बीजच तं म्हणून राह्यली मी," ती म्हणाली आणि सूप पुन्हा हलवायला लागली.

त्या पैशांत भिंत झाली. नवरा आदिलाबादेकडे एका प्रेसवर कामाला लागला, सणावाराला यायचा. आम्हाला दुसरं मूल हवं होतं. ते झालं नाही. यवतमाळच्या डॉक्टरकडे मी एकदा जाऊन विचारलं, त्यामुळे का? ती म्हणाली, खात्रीनं सांगता येत नाही, तसं असेलच असंही नाही. खोटं बोलली नाही, एवढं मला पुरलं. सासूनं शेवटपर्यंत तो विषय पुन्हा काढला नाही. ताई पुढच्या हंगामाला जिनिंगमध्ये दिसली नाही. भावानं सांगितलं, पुण्याकडे गेली.

लोकांना वाटेल, मला त्या कुठल्यातरी लेकराची सारखी आठवण येत असेल. तसं होत नाही. ते झालं की नाही, तेही मला माहीत नाही. कधी बाजारात एखाद्या मुलाकडे पाहताना विचार येतो, तो जातीपाशी जाऊन थांबतो. कुणब्याचं बीज समजून घेतलेलं ते लेकरू आज कुणाच्या देवघरासमोर हात जोडत असेल. मग मी भाजी घेते आणि घरी येते.

मुलगी आता नर्सिंग शिकते. तिच्या अभ्यासात हे सगळं आलं. सुट्टीत आली तेव्हा चुलीपाशी बसून मला सांगत होती, आता कायदा झाला, बाईला आयुष्यात एकदाच देता येतं, विमा काढावा लागतो. मी म्हटलं, "मी देलतं." मग तिनं एकेक विचारलं, मी एकेक सांगितलं.

"म्हणजे माह्यासारखं कोणी असन कुठी?"

"असन."

"तुले काय वाटते, आई?"

मी खरोखर आठवून पाहिलं. "तेव्हाही काही नाही वाटलं. आताही शोधून सापडत नाही."

तिनं माझा हात धरला नाही की रडली नाही. म्हणाली, "त्यानंतर तपासणी केली का कधी?" मी नाही म्हटलं. दुसऱ्याच दिवशी ती मला यवतमाळला घेऊन गेली. सोनोग्राफीच्या खोलीत एका तरुण बाईनं पोटावर थंड जेल लावलं आणि पडद्याकडे पाहत विचारलं, "मुलं किती?"

"एक," मी म्हटलं.

मुलगी पडद्याशेजारी उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडे. सगळं नॉर्मल आहे, असं त्या बाईनं सांगितलं. मुलीनं कागदी रुमालानं माझं पोट पुसलं. बाहेर ऊन फार होतं. आम्ही स्टँडवर उसाचा रस प्यायलो आणि पांढरकवड्याच्या गाडीत मागच्या सीटवर बसलो.