राखेनं धरलेले थेंब

शौकत सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. रविवारी त्यांच्याकडे जायचं आणि या खेपेस सांगूनच टाकायचं, असं ठरवलं होतं. दोन वर्षं ठरवतच होते... राहिलं ते राहिलंच. माणसं जाण्याचाही आता कंटाळा आलाय.

रत्नागिरीच्या कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवायचे, मी प्रयोगशाळेत मदतनीस. शिकवून उरलेल्या वेळात त्यांची पीएचडी. खोबरेलात पाण्याचे बारीक थेंब आणि त्या थेंबांत एन्झाइम, असं ते काम. "एन्झाइम राहतं पाण्यात, काम करतं तेलावर. दोघांची गाठ पडते ती थेंबाच्या कडेला, ताई," ते सांगायचे. थेंब एकमेकांत मिसळू नयेत म्हणून साबण घालावा, तर एन्झाइम बिघडायचं. म्हणून सरांनी भाताच्या तुसाची राख शुद्ध करून घातली. तिचे कण थेंबाभोवती बसून त्याला धरून ठेवायचे. थेंब तळाशी बसले की वरचं तेल काढायचं, नवं घालायचं. तेच एन्झाइम पुन्हा कामाला. हे सगळं मला नंतर समजलं, तेव्हा मी नुसती मान डोलवायचे. एकच बाटली त्यांनी अशी पाच महिने चालवली होती. मुंबईचे मार्गदर्शक ती बघायला येणार होते.

आदल्या दिवशी मी साफसफाई काढली. बाटलीत वर निवळ तेल, खाली पांढरा साका, चिठ्ठी नाही. म्हटलं, नासलंय हे. मोरीत ओतलं आणि बाटली घासून पालथी घातली. जळली मेली माझी स्वच्छता!

दुसऱ्या दिवशी सरांनी कपाट उघडून बाटली शोधली. "कुणी हात लावला होता, ताई?"

"नाही बाई, मला ठाऊक नाही," मी म्हटलं. पाहुणे चहा पिऊन गेले. सरांनी पहिल्यापासून सुरुवात केली, पण मूत्रपिंडांनी दगा दिला आणि पीएचडी राहिली ती राहिलीच.

सर गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले आणि त्यांच्या बायकोपुढे, झुबेदाभाभींपुढे, सगळं ओकले. भाभी म्हणाल्या, "त्यांना त्याच दिवशी कळलं होतं. मोरीला खोबरेलाचा वास मारत होता म्हणे. ताई घाबरल्यात, आता विचारायचं नाही, म्हणाले."

दुसऱ्या दिवशी कॉलेजात त्यांचं कपाट उघडलं. शेवटच्या तीन बाटल्या तिथंच आहेत. वर तेल, खाली थेंब, अजून तसेच. प्रत्येकीवर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी : 'हे खराब झालेलं नाही. ओतू नये.' पोरांसाठी असेल म्हणून इतके दिवस मी ती न वाचताच धूळ पुसत आले. अहो सर, एकदा ओरडायचं होतं ना माझ्यावर... तेव्हाच रडून मोकळी झाले असते.