उकळीनाना आणि बॉयलरचं पाणी

इस्पितळात त्यांना खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. हजेरीच्या वेळी कारकुनाने नाव पुकारलं तर ते स्वतःच मागे वळून बघायचे, हा कोण बुवा म्हणून. सगळ्यांसाठी ते उकळीनाना. बॉयलर सांभाळायचे म्हणून हे नाव पडलं असं नवख्याला वाटे, पण खरं कारण निराळं होतं. एवढ्यातेवढ्या गोष्टीने त्यांना आनंदाच्या उकळ्या फुटायच्या. पंपाचा कुरकुरणारा आवाज थांबला की नाना खूष. बॉयलरमधली पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत पाण्याची रेघ हलेना की नाना खूष. आणि खूष झालेला हा माणूस एका जागी उभा राहील तर शपथ!

तरुणपणी ते एका बेकरीच्या भट्टीवर होते. तिथून इस्पितळाच्या बॉयलरघरात आले ते कायमचेच. इथली वाफ वॉर्डांना गरम पाणी द्यायची, ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करायची आणि अंगणापलीकडच्या लाँड्रीत चादरी धुवायची. लग्नही वाफेनेच जमवलं. लाँड्रीतली एक मुलगी एकदा तरातरा बॉयलरघरात आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अहो मिस्त्री, ही वाफ आहे की दमेकऱ्याचा श्वास? चादरीच्या सुरकुत्या हसतायत तिला!"

नानांनी त्या दिवशी वाफेचा दाब असा काही चढवून दिला की लाँड्रीतल्या बायकांना खिडक्या उघडाव्या लागल्या. पुढे ती मुलगी रोज काही ना काही तक्रार घेऊन येऊ लागली. तक्रारी संपल्या तेव्हा दोघांनी लग्न केलं.

सगळं ठीक होतं, एक पाणी सोडलं तर. इस्पितळाच्या विहिरीचं पाणी प्यायला झकास, पण साबणाला दाद द्यायचं नाही. आणि बॉयलरमध्ये गेलं की ते आपले गुण उधळायचं. पाण्याची वाफ होऊन जायची, पण पाण्यातले क्षार मागे राहायचे आणि नळ्यांवर दगडासारखा पांढरा थर चढायचा. पातेल्याच्या बुडाला वीट बांधून दूध तापवायला बसावं तशी गत. तेल जळतंय, नळ्या लालबुंद व्हायची भीती, आणि पाणी मात्र आपलं निवांत.

म्हणून दरवर्षी बॉयलर बंद करून नाना त्याच्या पोटात शिरायचे. आडवं पडून छिन्नी-हातोडीने तो थर फोडायचे, खरवडायचे. आठवडा उलटून जायचा. घरी परतले की केस, भुवया, पापण्या सगळं पांढरं. त्यांच्याकडेच राहणाऱ्या सासूबाई दार उघडून म्हणायच्या, "या जावईबापू. सकाळी गेलात तेव्हा माझ्यापेक्षा लहान होतात."

मग एके वर्षी इस्पितळात सॉफ्टनर आला.

पुरुषभर उंचीची निळी टाकी, शेजारी मिठाचं पिंप, आणि मधे नळांचं जाळं. बसवायला आलेल्या माणसांच्या मागेमागे नाना असे फिरत होते की त्यांच्यातल्या एकाने शेवटी त्यांना स्टूल आणून दिलं. त्यावर ते बसले नाहीत, चढले. टाकीत डोकावून बघायला. आत मधाच्या रंगाचे मणी होते, मोहरीहून बारीक.

इस्पितळाच्या प्रयोगशाळेतल्या केमिस्टबाईंकडे पाण्याची तपासणी सोपवलेली होती. वयाने नानांपेक्षा पुष्कळ लहान, पण समजावून सांगण्यात हातखंडा. त्या म्हणाल्या, "नाना, पाणी या मण्यांमधून जातं. थर धरणारे क्षार मणी स्वतःकडे ठेवून घेतात. मणी भरले की त्यांना मिठाच्या पाण्याने आंघोळ घालायची. धरलेलं सगळं सोडून देतात, पुन्हा कामाला तयार."

"म्हणजे मीठ टाकून पाणी गोडं करायचं?" नाना ओरडलेच.

"तसंच काहीसं. शाळेत नव्हतो का शिकलो, दुष्फेन पाणी आणि सुफेन पाणी? फेन म्हणजे फेस."

"दुष्फेन!" नानांना तो शब्द इतका आवडला की बॉयलरघरात एकटेच चारदा म्हणून बघितला. "शोभतं हो त्याला! इतकी वर्षं छळलंन, आणि आपल्याला त्याचं नावही ठाऊक नव्हतं."

सॉफ्टनर सुरू झाला त्या दिवशी लाँड्रीतून आरडाओरडा ऐकू आला. नाना धावत अंगण ओलांडून गेले. बघतात तर धुण्याच्या यंत्रांच्या झाकणांखालून फेस बाहेर येत होता, फरशीवर पसरत होता, आणि त्यात घोट्यापर्यंत बुडालेली बायको पोट धरून हसत होती. जुन्या सवयीने साबण ओंजळी भरभरून टाकला होता, आणि पाणी तर आता सुफेन.

"अहो, बघता काय! खराटा घ्या!" ती म्हणाली.

नानांनी खराटा घेतला खरा, पण झाडण्याऐवजी फेसाचे ढीग करून ते किती वेळ टिकतात हेच बघत बसले.

त्या आठवड्यात त्यांनी कुणाचं डोकं म्हणून शिल्लक ठेवलं नाही. रखवालदाराला सॉफ्टनर समजावला, सर्जनना जिन्यात गाठून समजावला. दातांच्या डॉक्टरांकडे बसलेल्या एका रुग्णाला, तोंड उघडं असल्यामुळे, पूर्ण ऐकून घ्यावं लागलं. घरी सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, मला त्या मण्यांची माळ आणून द्या बाई. निदान जप तरी होईल."

आणि याच आनंदाच्या भरात नानांच्या हातून ती गोष्ट घडली.

बॉयलरला पाणी देण्याआधी ते एका टाकीत साठवायचं आणि थोडी वाफ सोडून तिथेच चांगलं कढत करायचं, अशी पूर्वीपासूनची रीत होती. त्या टाकीमुळे बॉयलरघरात अंगाची काहिली व्हायची. शिवाय एका पिंपातलं औषध त्या पाण्यात रोज मोजून टाकायचं असे. नानांची समजूत अशी की या दोन्ही गोष्टी थर कमी धरावा म्हणून होत्या. आता थरच धरणार नाही, तर हे लचांड कशाला? त्यांनी टाकीचा वाफेचा व्हॉल्व्ह बंद केला आणि औषधाचं पिंप कोपऱ्यात सरकवून वर जुनं पोतं टाकलं. खोली थंडगार झाली. नानांनी बायकोला मुद्दाम बोलावून तो गारवा दाखवला.

"औषध बाईंना विचारून बंद केलंत ना?" तिने विचारलं.

"अगं, यात विचारायचं काय? पाणी सुफेन झालंय!"

काही महिने सुरळीत गेले. बाई तपासायच्या ते सॉफ्टनरमधून निघालेलं पाणी, आणि ते चोखच असायचं. मग एका सकाळी, ऑपरेशन सुरू असताना, काचेतली पाण्याची रेघ खाली घसरू लागली. नानांनी पंप बघितला, तो धडधाकट चालू होता. तेवढ्यात बॉयलरच्या धुराच्या बाजूने तापल्या तव्यावर पाणी पडल्यासारखं चर्रर्र ऐकू आलं. नळी फुटली होती.

नानांचे हात थबकले नाहीत. त्यांनी आग बंद केली, वाफेचा मुख्य व्हॉल्व्ह फिरवला आणि फोन उचलला. "ऑपरेशनवाल्यांना सांगा, वाफ गेली. हत्यारांसाठी विजेवरचं छोटं यंत्र काढा. लाँड्री बंद. वॉर्डांत गरम पाणी मिळणार नाही." सुरू असलेलं ऑपरेशन तयार हत्यारांवर पार पडलं, बाकीची पुढे ढकलावी लागली. बायको लाँड्रीतून आली, तांब्याभर पाणी पुढे केलं आणि शेजारी उभी राहिली.

बॉयलर पुरता निवल्यावर नाना टॉर्च घेऊन आत शिरले. नळ्यांवर पांढऱ्या थराचा मागमूस नव्हता. क्षणभर त्यांना आनंद झाला. मग त्यांनी नळीवरून बोट फिरवलं. बोटाला खड्डे लागले. देवीचे वण असावेत तशी नळी बारीक खड्ड्यांनी भरली होती, खड्ड्याखड्ड्यांत लाल गंज. एक खड्डा आरपार गेला होता.

बाहेर केमिस्टबाई उभ्याच होत्या. "थर नाही, बाई," नाना आतूनच म्हणाले. "पण लोखंड कुणीतरी कुरतडलंय."

"नाना, टाकीची वाफ चालू आहे ना? आणि औषध?"

आत टॉर्च विझला. मग नानांचं डोकं बाहेर आलं. "नाही. दोन्ही मीच बंद केलं. मला वाटलं, पाणी सुफेन झालं म्हणजे झालं."

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "हात धुवा आणि चला माझ्याबरोबर." प्रयोगशाळेत त्यांनी काचेच्या भांड्यात गार पाणी घेऊन मंद आगीवर ठेवलं. पाणी उकळायला खूप अवकाश होता, तरी भांड्याच्या आतून बारीक बारीक बुडबुडे चिकटले आणि एकेक करत वर जाऊ लागले.

"ही वाफ नव्हे," बाई म्हणाल्या. "पाण्यात विरघळलेली हवा. तापवलं की निघून जाते. गार पाणी ती पोटात घेऊन बॉयलरमध्ये शिरतं, आणि तिच्यातला ऑक्सिजन लोखंड खातो. उरलीसुरली हवा संपवायला ते औषध. सॉफ्टनर फक्त क्षार काढतो, हवा नाही."

नाना भांड्यापाशी नाक नेऊन बघत राहिले. चूक उमगल्याची लाज चेहऱ्यावर होतीच, पण तिच्या पाठोपाठ ती ओळखीची उकळीही वर येत होती. "म्हणजे शत्रू दोन!" ते म्हणाले. "एक अंगावर चढतो, दुसरा आतून पोखरतो. आणि मी एकाला बाहेर काढून दुसऱ्याला दार उघडून दिलं!"

"अगदी बरोबर."

"बाई, पुन्हा एकदा पाणी तापवा ना."

फुटलेली नळी दोन्ही टोकांना लोखंडी बूच ठोकून बंद केली, बॉयलर सुरू झाला. खराब नळ्या पुढे सवडीने बदलल्या. टाकी पुन्हा कढत झाली, बॉयलरघर पुन्हा तापलं आणि कपाळावरून घाम पुसताना नाना गाणं गुणगुणू लागले. औषधावरचं पोतं त्यांनी स्वतः उचललं. बाईंनी सांगितलेली कोणतीही तपासणी त्यांनी त्यानंतर चुकवली नाही. आणि सांगितलेलं नसेल तर विचारून घेतली.

वार्षिक तपासणीला बॉयलर इन्स्पेक्टर आले तेव्हा नाना सकाळपासून येरझाऱ्या घालत होते. इन्स्पेक्टर आत शिरले. ठक्‌, ठक्‌. नळ्या वाजवत होते. एरवी ठोकलं की बद्द आवाज यायचा, आज काशाची घंटा वाजावी तसा खणखणीत नाद येत होता. नाना बायकोचा हात घट्ट धरून ऐकत होते.

"अहो, माझ्या बांगड्या फुटतील," ती पुटपुटली.

इन्स्पेक्टर बाहेर आले. "खरवडायला काही नाही. नवे खड्डेही नाहीत. लोखंडावर पातळ काळी साय धरलीय, तीच त्याला जपते. तिला हात लावू नका. दार लावा आणि पेटवा."

"आजच?"

"मग काय मुहूर्त काढता?"

नानांनी इन्स्पेक्टरांना मिठीच मारली. इन्स्पेक्टरांच्या पांढऱ्या शर्टावर दोन काळे पंजे उमटले आणि ते तसेच पुढच्या तपासणीला गेले.

ही बातमी इतर इस्पितळांत पोचली. केमिस्टबाईंनी तिथल्या बॉयलरवाल्यांना एकत्र बोलावलं आणि नानांना बोलायला उभं केलं. पाठ करून आणलेलं सगळं नाना विसरले. मग त्यांनी पिशवीतून त्या फुटलेल्या नळीचा कापलेला तुकडा काढला आणि पहिल्या रांगेत दिला. "आधी बोट फिरवा," ते म्हणाले. "हे माझ्या अतिशहाणपणाचं काम आहे. पुढे सरकवत राहा, तोवर सांगतो."

आणि जे सांगत सुटले ते सुटलेच. चहा आला, गार झाला. मागच्या रांगेतला एक आडदांड मिस्त्री हात वर करून म्हणाला, "नाना, आमच्याकडेही टाकी गारच असते हो. कुणी सांगितलंच नाही."

"कुठे आहे तुमचं बॉयलरघर?"

"हे काय, दोन गल्ल्या सोडून."

नानांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी हसून मान हलवली. "चला तर मग!" म्हणत नाना दाराकडे निघाले, त्यांच्यामागे तो मिस्त्री, त्याच्यामागे अख्खी सभा. बायको खुर्चीवर राहिलेला त्यांचा कोट उचलून रस्त्यावर आली तेव्हा ते गल्लीच्या टोकाला पोचलेही होते, आणि दोन्ही हात हवेत उडवत कुणाला तरी बुडबुड्यांचं सांगत होते.